पट्टीवरची रेघ : बाल्कनीतल्या हायड्रोपोनिक्सचं पाणी आणि खत

मीटर घ्यायच्या आधी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक काळा पर्मनंट मार्कर आणा. हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीविना खताच्या पाण्यात झाडं वाढवण्याच्या, सामानाच्या यादीत तो कधी नसतो. यादीत नेट पॉट म्हणजे जाळीच्या छोट्या कुंड्या असतात, कोकोपीट, एअर पंप, ए आणि बी अशा खताच्या दोन बाटल्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएसचं पेन, पाण्याचा आंबटपणा दाखवणारे पीएचचे थेंब. हे सगळं लागतंच. पण ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाल्कनीत पाच वर्षं पालक-लेट्यूस लावल्यावर माझं ठाम मत झालंय, की नवख्या माणसाची झाडं उपाशी राहून फारशी मरत नाहीत. मीटरचा आकडा बघून, पण टबात पाणी किती उरलंय ते न बघता, आपण वरून खत ओततो आणि त्यात ती जातात.

आमटी गॅसवर राहिली की आटते आणि खारट लागते. मीठ कुणी वाढवलेलं नसतं, पाणी उडालेलं असतं. तेव्हा आपण डोळे मिटून कपभर गरम पाणी घालतो, त्यासाठी कुणाला पुस्तक वाचावं लागत नाही. टबातलं खताचं पाणीही असंच आटतं, फक्त ते चाखता येत नाही. म्हणून मार्कर, आणि म्हणून मीटर. दोन्ही एकत्र.

आधी पट्टी करून घ्या

पुढचा सगळा हिशेब मी ४० लिटर पाणी मावणाऱ्या झाकणाच्या टबाचा धरते. आमच्याकडे तोच आहे, आणि बारा लेट्यूस त्यात आरामात बसतात. टब पारदर्शक नको. उजेड आत गेला की चार दिवसांत हिरवं शेवाळ धरतं. पारदर्शकच मिळाला तर बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो.

आता वायरिंगची उरलेली पांढरी केसिंग पट्टी घरात कुठेतरी असेलच. तिचा टबाच्या उंचीएवढा तुकडा कापा. रिकाम्या टबात मोजून ५ लिटर पाणी ओता, पट्टी तळापर्यंत उभी घाला, पाणी जिथवर लागलं तिथे रेघ मारा. आणखी ५ लिटर, आणखी एक रेघ. असं ४० पर्यंत. झाकणाला रोपांच्या भोकांखेरीज एक जादा भोक पाडा आणि पट्टी तिथून घालत जा, गाडीचं ऑइल तपासतात तशी. एरवी त्या भोकाला बूच लावून ठेवा. टबाच्या आत रेघा मारून चालत नाही. रोपं वाढली की झाकण उचलवत नाही, आणि उचललं तर मुळं तुटतात.

हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते टाळून पुढे गेलात तर खालची सगळी गणितं वाया.

तुमच्या नळाला नेमकं काय येतं?

ठाण्याला स्वतःचं धरण नाही, ही आपली जुनी रड. भातसाचं पाणी, ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा संस्था उल्हास नदीतून उचलते ते पाणी, एमआयडीसीकडून येणारं बारवीचं पाणी, असं इकडून तिकडून जमवून शहर चालतं. नवी मुंबई त्या बाबतीत नशीबवान. मोरबे धरण महापालिकेच्याच मालकीचं, आणि भोकरपाड्याला शुद्धीकरण केंद्र. पण झाडांच्या दृष्टीने दोन्ही शहरांचं नळाचं पाणी एका जातीचं आहे. पावसाचं, काळ्या दगडाच्या डोंगरांवरून धरणात उतरलेलं, हलकं पाणी. माझ्या पेनवर आमचा नळ ७० ते ९० पीपीएम (लिटरला साधारण तितके मिलिग्रॅम क्षार) दाखवतो, नेरुळला बहिणीकडे ६० च्या आसपास. हायड्रोपोनिक्ससाठी याहून चांगलं पाणी विकत घेऊनही मिळणार नाही. त्याला आरओची गरज नाही.

खरी गोम टँकरची आहे. मार्च संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या शटडाऊन’चे मेसेज सुरू होतात, आणि टाकीत टँकर रिकामा होतो. तो कुठल्या विहिरीचा, कुठल्या बोअरचा, कुणी सांगत नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या नळाचा आकडा एका रात्रीत ८० वरून ४५० वर गेला होता. खाडीलगतच्या बोअरचं पाणी तर याच्याही वर जातं, आणि त्यात खारेपणा म्हणजे सोडियम असतो. झाडांना सोडियम जवळपास नको असतो. ती पाणी आणि अन्न उचलतात, सोडियम मागे ठेवतात, आणि तो टबात साचत जातो.

म्हणून रोपं लावायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी नळाचं पाणी मोजा आणि लिहून ठेवा. १५० पीपीएमच्या आत असेल तर निश्चिंत राहा. १५० ते ३०० असेल तर पालेभाज्या होतात, फक्त टब जरा लवकर बदलावा लागतो. ४०० च्या वर गेलं तर ते पाणी एकटं वापरू नका. पावसाळ्यात साठवलेलं पाणी, दुकानातला २० लिटरचा जार, घरच्या आरओचं शुद्ध पाणी, यातलं काहीतरी अर्धं-अर्धं मिसळा. आरओमधून फेकलं जाणारं पाणी मात्र आधी मोजा. मोरबेचं पाणी आत गेलं असेल तर बाहेर फेकलेलंही चालण्यासारखं असतं. टँकरचं आत गेलं असेल तर ते निव्वळ मिठाचं पाणी.

एसीचं पाणी मोजलंत तर आकडा इतका छान येतो की मोह होतो. पण ते तांब्या-अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून, धुळीतून आणि बुळबुळीत नळीतून आलेलं असतं. जे पान मी कच्चं खाणार, त्याच्या मुळाशी मी ते घालत नाही. कुंड्यांना खुशाल घाला.

नळाचं पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मग वापरा. क्लोरीन उडतो हे एक. दुसरं म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून आलेलं तापलेलं पाणी थोडं निवतं. उन्हाळ्यात मला हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं.

ईसी, पीपीएम आणि माझी फसगत

पाण्यात क्षार जितके जास्त विरघळलेले, तितकी वीज त्यातून सहज जाते. मीटर तेवढंच मोजतं. त्या मापाला ईसी म्हणतात आणि ते मिलिसीमेन्समध्ये असतं. पीपीएम हा त्या ईसीवरून गुणून काढलेला अंदाज. गंमत अशी की गुणायचा आकडा सगळीकडे एक नाही. काही मीटर ५०० ने गुणतात, काही ६४० ने, काही ७०० ने. आपल्याकडे मिळणारी बहुतेक स्वस्त पेनं ५०० वाली असतात.

पहिल्या वर्षी मी एका परदेशी तक्त्यात लेट्यूसला ८४० पीपीएम बघितलं आणि इमानेइतबारे माझ्या पेनवर ८४० आणलं. तक्ता ७०० च्या हिशेबाचा होता, म्हणजे त्यांना ईसी १.२ म्हणायचा होता. माझं पेन ५०० च्या हिशेबाचं, म्हणजे माझ्या टबात ईसी जवळपास १.७ झाला. आठवड्यात लेट्यूसची पानं जाड, काळपट हिरवी आणि कडू झाली. तेव्हापासून खताच्या पाण्यासाठी मी पीपीएम बघतच नाही. शक्य असेल तर ईसी दाखवणारं मीटर घ्या. पेन पीपीएमचंच असेल तर आकड्याला ५०० ने भागा आणि वहीत ईसीच लिहा. यापुढे मीही ईसीच लिहिते आहे.

मीटर खरं बोलतंय का, हे महिन्यातून एकदा तपासा. १.४१३ ईसीचं तयार द्रावण मिळतं. त्यात बुडवल्यावर तोच आकडा यायला हवा. मोजून झाल्यावर टोक साध्या पाण्याने धुवा. खताचं पाणी टोकावर वाळलं की पांढरी पूड बसते आणि मीटर हळूहळू बहकतं.

खत मिसळणं

ए आणि बी या दोन बाटल्या वेगळ्या का, हे मी एकदा स्वतः करून पाहिलंय. जागा वाचावी म्हणून दोन्ही एका बाटलीत ओतल्या. पाच मिनिटांत आत दूध नासल्यासारखं पांढरं फुटलं आणि तळाला बसलं. एमध्ये कॅल्शियम असतं, बीमध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. दाट अवस्थेत ते भेटले की त्यांचा न विरघळणारा साका होतो, आणि तो मुळांच्या उपयोगाचा नाही. भरपूर पाण्यात एकेक करून घातले तर काही होत नाही. म्हणून आधी टबात पाणी, मग ए, नीट ढवळणं, मग बी. दोघांसाठी एकच माप वापरत असाल तर मध्ये धुवा.

बाटलीवर लिहिलेला डोस घालू नका. तो कुणाच्या तरी दुसऱ्या पाण्यासाठी, दुसऱ्या झाडासाठी लिहिलेला असतो. स्वतःचा काढा. एका लिटर पाण्याचा ईसी मोजा, समजा ०.१५ आला. त्यात सिरिंजने १ मिली ए, ढवळून १ मिली बी. परत मोजा. ०.५५ आला, तर तुमच्या बाटलीतला एक-एक मिली एका लिटरला ०.४ ने वर नेतो. ही संख्या बाटलीवर मार्करने लिहून ठेवा, रोज लागणार आहे.

आता टबात ईसी १.० हवा. नळाचे ०.१५ आधीच आहेत, राहिले ०.८५. त्याला ०.४ ने भागलं की लिटरमागे २.१ मिलीच्या जरा वर. ४० लिटरला ए ८५ मिली आणि बी ८५ मिली. सगळं एकदम ओतू नका. आधी ७० च्या आसपास घाला, पंप पंधरा मिनिटं चालू द्या, मोजा, आणि मग उरलेलं. जास्त झालेलं खत काढता येत नाही.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ वापरून स्वस्तात काम होईल का, असं हमखास विचारतात. मातीत ते उत्तम. पाण्यात नको. त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, आणि युरिया वीज वाहून नेत नाही. म्हणजे तुम्ही घालत राहता आणि मीटरला तो दिसतच नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. सुरुवातीला तयार ए-बी घ्या. स्वतः क्षार तोलून बनवायचे असतील तर एक वर्ष जाऊ द्या.

कुणाला किती, तर मी ठेवते ते आकडे असे. पहिली खरी पानं आलेल्या रोपांना ०.५ ते ०.७. लेट्यूसला ०.८ ते १.२. कोथिंबीर, मेथी, बेसिलला १.० ते १.५. पालक आणि लाल माठाला १.४ ते १.८. मिरची-टोमॅटो फळावर आले की २.० ते २.५. एप्रिल-मेमध्ये यातून पाचवा हिस्सा कमी करते, कारण उन्हात झाडं अन्नापेक्षा पाणी जास्त मागतात. लेट्यूस आणि टोमॅटो एका टबात लावू नका. एकाला जेवण पुरत नाही, दुसऱ्याला अजीर्ण होतं.

पीएच

५.५ ते ६.५. खत घालून झाल्यावर मोजायचा, आधी नाही, कारण खत स्वतःच पीएच खाली आणतं. पीएच ७ च्या वर राहिला तर लोह टबात असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं दिसलं तर खत वाढवू नका, पीएच बघा.

आपल्या नळाच्या हलक्या पाण्याचा एक स्वभाव आहे: ते चंचल असतं. दोन थेंब आम्ल जास्त पडलं की पीएच थेट ४ वर. म्हणून पीएच कमी करायचं आम्ल दहापट पाण्यात पातळ करून मग थेंब-थेंब घाला. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लावर कधीच नाही, आणि हातमोजे घालून. टँकरचं पाणी उलट हट्टी. आज ६ वर आणलं की परवा परत ७ वर. त्याच्याशी रोज भांडण्यापेक्षा त्यात हलकं पाणी मिसळणं बरं. लिंबू पिळून पीएच आणता येतो, पण टबातले जिवाणू ते आम्ल दोन दिवसांत खाऊन टाकतात.

रोजची दोन मिनिटं

सकाळी, पाणी भरायच्या आधी, पट्टी घाला आणि मीटर बुडवा. वहीत दोन आकडे: किती लिटर, किती ईसी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे टबात उरलेल्या खताची शिल्लक. बँकेच्या पासबुकासारखी. अख्खा लेख विसरलात तरी हा गुणाकार विसरू नका.

समजा सोमवारी ४० लिटर, ईसी १.२ होता. शिल्लक ४८. बुधवारी पट्टी ३४ दाखवते आणि मीटर १.३५. नवख्याला वाटतं, ईसी वाढला म्हणजे झाडं जेवतच नाहीत. गुणून बघा: ३४ गुणिले १.३५ म्हणजे ४६ च्या जरा आत. म्हणजे झाडांनी दोन खाल्ले, आणि सहा लिटर पाणी प्यायली. जेवली बेताची, प्यायली भरपूर. आता ६ लिटर साधं पाणी घाला. त्या पाण्याचे ०.९ (६ गुणिले नळाचे ०.१५) धरून शिल्लक ४७ च्या आसपास, भागिले ४०, ईसी १.१७. खताचा एक थेंबही लागला नाही.

आता त्याच बुधवारी दुसरं चित्र समजा. पट्टी ३४, मीटर १.०. शिल्लक ३४. चौदा खाल्ले! झाडं जोमात आहेत. नुसतं पाणी भरलं तर ईसी ०.८७ वर येईल. १.२ ला परत न्यायला ०.३३ हवेत. भागिले ०.४, गुणिले ४०. ए ३३ मिली, बी ३३ मिली. असं दोनतीनदा लागोपाठ झालं तर मूळ ईसीच थोडा वर ठेवा, त्यांना भूक आहे.

पाणी उतरलं आणि ईसी होता तिथेच राहिला, तर झाडं ज्या प्रमाणात पितात त्याच प्रमाणात खातात. तुमचा आकडा बरोबर जमलाय. त्याच ताकदीचं पाणी करून भरत राहा. मात्र ईसी तोच आणि रात्रीत दहा लिटर गायब असतील तर आधी टबाखालची फरशी बघा. गळतीत पाणी आणि खत दोन्ही सारखंच जातं, मीटरला ती कळत नाही.

पाणी उतरतच नाही आणि झाडं मान टाकतायत, हे सगळ्यात वाईट. तेव्हा झाकण उचलून मुळं बघा. पांढरी असतील तर थांबा, तपकिरी आणि बुळबुळीत असतील, कुबट वास येत असेल, तर मुळं सडलीत. टब रिकामा करून घासा आणि नव्याने सुरुवात करा. त्या पाण्यात खत घालून काही वाचत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मे महिन्यातला फोन आठवतो. “अगं, लेट्यूसच्या कडा जळल्यात. खत कमी पडलं वाटतं. मी वीस-वीस मिली घातलं काल.”

“घालायच्या आधी मोजलंत का?”

“मोजलं ना. २.१ होतं.”

“आणि पाणी?”

“पाणी आहे की. मुळं बुडालीत.”

वर जाऊन पट्टी घातली तर २४. आठवड्यापूर्वी ४० लिटर १.४ ने भरलेला टब. ५६ ची शिल्लक होती, खत घालायच्या आधी ५० उरली होती, म्हणजे झाडांनी सहा खाल्ले आणि सोळा लिटर पाणी प्यायली. त्यांना तहान लागली होती आणि काकूंनी वरून जेवण वाढलं. आता ईसी २.४ च्या वर. नळाला टँकरचं ०.९ चं पाणी, त्यामुळे नुसता नळ सोडून काही होणार नव्हतं. सोळा लिटर टँकर घातला असता तरी १.८ वरच अडकलो असतो. मग टबातलं निम्मं, १२ लिटर, बादलीत काढलं. खालच्या दुकानातून २० लिटरचा जार मागवला, तो ओतला, वर ८ लिटर नळाचं. मीटर ०.९६ वर आलं. जळलेल्या कडा परत हिरव्या होत नाहीत, पण मधली नवी पानं चार दिवसांत स्वच्छ आली. बादलीतलं पाणी दुप्पट पातळ करून काकूंच्या जास्वंदीला गेलं.

मे महिना

आपल्याकडे उन्हाळ्यात खतापेक्षा पाण्याचं तापमान जास्त झाडं मारतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच गरमीत मुळांना जास्त प्राणवायू हवा असतो, सडवणाऱ्या बुरशीलाही तेच पाणी आवडतं. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी चारला टबात ३४ अंश मी स्वतः मोजलेत.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय मासळीबाजारात मिळतो. बर्फातली मासळी ज्यातून येते तो थर्माकोलचा मोठा खोका. कोळिणीकडे मागा, कधी फुकट देते, कधी दहावीस रुपये घेते. साबण लावून तीनदा धुवा, उन्हात वाळवा, आणि टब त्यात बसवा. वास जायला दोन दिवस लागतात, घरच्यांना आधी कल्पना द्या. शिवाय एक लिटरच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा आणि दुपारी त्यातली एक टबात सोडा. बंद बाटलीच सोडायची; सुटा बर्फ घातला तर तो वितळून ईसी बिघडवतो. एअर पंप सावलीत ठेवा, तो तापलेली हवा ओढत असेल तर पाणीही तापवतो. आणि मे महिन्यात लेट्यूसचा हट्ट सोडून लाल माठ लावा. चवीला तो आपलाच आहे.

पाऊस

जूनमध्ये चित्र उलटं होतं. हवा दमट, ऊन नाही, झाडं पाणी ओढत नाहीत. पट्टी दोन-दोन दिवस हलत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे कोवळ्या पानांना ते पोहोचत नाही आणि लेट्यूसच्या मधल्या पानांची टोकं तपकिरी होतात. टबात कॅल्शियम भरपूर असतं, वाहून नेणारं पाणीच चालत नसतं. कॅल्शियमची बाटली विकत घेऊ नका. छोटा पंखा लावा आणि पानांतून वारा खेळू द्या.

टबात पाऊस शिरला तर पट्टी वर आणि ईसी खाली, लगेच कळतं. गुणाकार केलात तर शिल्लक जवळपास तेवढीच सापडेल. जादा पाणी काढून टाकू नका, त्याबरोबर खतही जाईल. पातळी आपोआप उतरू द्या, झाकणाच्या फटी चिकटपट्टीने बंद करा.

आणि डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी अळ्या तपासायला येतात. झाकणाची रिकामी भोकं, पट्टीचं भोक, उघडी बादली, सगळं बंद किंवा जाळीखाली. पाणी निववायला ठेवलेली बादलीसुद्धा.

टब कधी बदलायचा

ईसी फक्त एकूण क्षार सांगतो, कुठले ते नाही. महिनाभर वरून भरत राहिलात तर मीटर १.२ दाखवेल, पण त्यातला नायट्रोजन संपलेला आणि सोडियम साचलेला असू शकतो. नळाचं पाणी असेल तर वरून घातलेलं पाणी एकूण ४० लिटर झालं की टब पूर्ण बदला. पूर्ण वाढलेल्या बारा लेट्यूसना त्याला साधारण तीन आठवडे लागतात. टँकरच्या दिवसांत निम्म्या वेळात.

बिनपंपाच्या टबाला ही वरून भरण्याची पद्धत जशीच्या तशी लावू नका. हवाई बेटांवरचे संशोधक क्रॅट्की यांच्या नावाने ओळखली जाणारी ती रीत वेगळी आहे. तिथे पाणी उतरतं तसतशी वरची मुळं हवेत राहून श्वास घेतात. परत काठोकाठ भरलंत तर तीच मुळं गुदमरतात. तिथे तळाशी चार-पाच लिटर उरले की तेवढेच पाच लिटर वाढवायचे.

गणपतीला गावी जाताना

सात दिवस घर बंद. एका भरलेल्या लेट्यूसला दिवसाला दीडशे मिली धरलं तर बाराजणांना आठवड्याला साडेबारा लिटर. टब पुरतो, पण परत याल तेव्हा २७ लिटरच्या आसपास उरलेले असतील आणि ईसी चढलेला असेल. म्हणून निघताना नेहमीपेक्षा पातळ भरा. मी ०.८ ठेवते. सगळं वाईट धरून, झाडांनी काहीच खाल्लं नाही तरी ३२ ची शिल्लक २७ लिटरांत १.२ च्या खाली राहते. मिरची-टोमॅटो असतील तर एवढ्यावर भागत नाही, एक टोमॅटो दिवसाला दोन लिटर सहज पितो. तिथे शेजारी लागतात.

किल्ली मी वरच्या काकूंकडेच ठेवते. टबावर चिठ्ठी चिकटवलेली असते: “काकू, दर दोन दिवसांनी पट्टीवरच्या ४० च्या रेघेपर्यंत. बादलीतलं साधं पाणी. खताच्या बाटल्या मी कपाटात ठेवल्यात आणि कपाटाची किल्ली सोबत नेली आहे.”